घरी ट्रंपेट रेकॉर्ड करायला कोणता माइक घ्यावा?

डायनॅमिक घ्या, म्हणजे चुंबकात तारेची गुंडाळी हलून चालणारा साधा, दणकट माइक. थोडे जास्त पैसे घालता येत असतील तर रिबन घ्या, त्यात गुंडाळीऐवजी धातूची पातळ पट्टी असते. तुम्ही पहिला पर्याय म्हणून लिहिलेला मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने हलणाऱ्या पातळ पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे चालायला वीज लागणारा माइक, ट्रंपेटसाठी पहिला माइक म्हणून नको. गाण्याला तो छान लागतो म्हणून ट्रंपेटलाही लागेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यातल्या बहुतेकांनी बेलसमोर, म्हणजे ट्रंपेटच्या रुंद तोंडासमोर, माइक लावून पाहिलेला नसतो.

एवढ्यावर थांबलो असतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रेकॉर्डिंगमध्ये टोन चिरका येतो आणि मित्र म्हणतो वाजवण्यातच खोट आहे. हे वाक्य मी फार पूर्वी ऐकलंय आणि त्याने माझं बरंच नुकसान केलंय.

माझा थोरला आतेभाऊ घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचा. गाणारे त्याच्याकडे येत, काम चांगलं व्हायचं. मला एका ऑर्केस्ट्राच्या निवडीसाठी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, म्हणून त्याच्याकडे गेलो. गाणाऱ्यांसाठी लावलेला कंडेन्सर त्याने जरा खाली घेतला आणि बेलसमोर वीतभर अंतरावर सरळ रोखून ठेवला. पहिल्याच टेकला वरचे सूर फाटले. त्याने इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा, गेन (आवाज किती वाढवायचा ते) उतरवला. लाल दिवा लागायचा थांबला, फाटणं मात्र तसंच राहिलं. मी म्हटलं, "दादा, माइक जरा लांब घे ना." तो म्हणाला, "लांब घेतला की नुसती खोली ऐकू येते. आणि माइकला खोटं बोलता येत नाही. तुझा टोनच चिरका आहे. घरी जा, लॉन्ग टोन कर." म्हणजे एकेक सूर लांब धरायचा सराव.

मोठ्या भावाचा शब्द, त्यातून तो रेकॉर्डिंगमधला माणूस. ते बोलणं माझ्या मनात रुतून बसलं. खोल कपचा माउथपीस (ओठ लावायचा वाटीसारखा तुकडा) आणला, ओठ लवकर दमायला लागले, वरच्या सुरांवर मी दबकत जाऊ लागलो. ज्या वाद्याला मोकळा श्वास लागतो ते मी घाबरत घाबरत वाजवत होतो. माझे सर समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायचे. ते म्हणायचे, "टोनला काही झालेलं नाही, तू श्वास का आवरतोयस?"

त्या खोलीत काय घडत होतं ते आता सांगतो, कारण तुमच्याकडेही तेच घडत असणार. जोरात वाजवताना बेलच्या अगदी तोंडाशी आवाजाची शिखरं १३० डेसिबलच्या घरात जातात. न्यूमनच्या यू८७ एआयसारख्या नावाजलेल्या कंडेन्सरची मर्यादासुद्धा ११७ डेसिबल आहे, पॅड (माइकच्या आतच आवाज कमी करणारं बटण) लावला तर १२७. कंडेन्सरच्या पोटात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं. गेन हा त्याच्या पुढचा टप्पा. पोटातच आवाज फाटला असेल तर पुढे गेन कितीही उतरवा, तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. दादाच्या माइकवर पॅडचं बटण होतं. त्याने ते दाबलं नव्हतं.

चिरकेपणाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. ट्रंपेटचे खालचे आवाज खोलीभर सगळीकडे पसरतात, पण वरचे, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढचे, बॅटरीच्या झोतासारखे बेलमधून सरळ पुढे जातात. वाजवणारा बेलच्या मागे असतो, त्यामुळे तो स्वतःला मऊ ऐकतो. समोर, पण लांब बसलेल्याला खोलीतून फिरून आलेला आवाजही मिळतो. वीतभरावर, बरोबर मध्यरेषेत ठेवलेल्या माइकला मात्र सगळ्यात तिखट भाग मिळतो. त्यात मोठ्या डायफ्रामच्या पुष्कळ कंडेन्सरना पाच ते दहा हजार हर्ट्झच्या दरम्यान मुद्दाम उठाव दिलेला असतो, गाण्यातले शब्द स्पष्ट यावेत म्हणून. आधीच तिखट असलेल्या जागी आणखी तिखट. कुठला श्रोता बेलमध्ये कान घालून ऐकतो?

पुढे रेकॉर्डिंग करणाऱ्या दुसऱ्या एकांकडे एका गाण्यात दोन ओळी वाजवायच्या होत्या. त्यांनी रिबन काढला, बेलपासून दोन हातांवर ठेवला, मध्यरेषेपासून किंचित बाजूला, आणि म्हणाले, वाजवा. ऐकलं तर तो माझा टोन होता, सरांना समोर बसून ऐकू यायचा तो. ते रेकॉर्डिंग दादाला ऐकवलं. त्याने एका वाक्यात निकाल दिला: "रिबनने तुझा दोष झाकला."

म्हणून त्याच्याच खोलीत, त्याच्याच कंडेन्सरवर करून दाखवलं. पॅड चालू केला, अंतर मीटरभर केलं, माइकची उंची बेलपेक्षा थोडी वर घेतली आणि बेल बाजूला वळवून वाजवलं. तेच वाद्य, पूर्वीचाच माउथपीस, तीच ओळ. चिरकेपणा गेला. आता झाकायला रिबन कुठे होता? दादाला हे आजही मान्य नाही. पण माइक खोटं बोलत नाही म्हणजे तो जिथे ठेवलाय तिथलं खरं बोलतो, वाजवणाऱ्याबद्दल निकाल देत नाही. तुमच्या मित्रालाही हेच सांगा, आणि तो बोलला म्हणून माउथपीस अजिबात बदलू नका.

आता खरेदीचं. शुअरचा एसएम५७ १९६५ पासून विकला जातोय आणि घरच्या ट्रंपेटला तो पुरतो. तो ट्रंपेटच्या जोराने फाटत नाही, आणि वाद्यच इतकं मोठ्याने वाजतं की डायनॅमिकला गेन जास्त लागतो ही नेहमीची तक्रार इथे लागू होत नाही. त्याच्या वर सेनहायझरचा एमडी४२१ आणि इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२०. आरई२० जवळ नेला तरी खालचा आवाज फुगत नाही, म्हणून म्यूट (बेलमध्ये बसवायचं बूच) लावून जवळून वाजवणाऱ्यांना तो आवडेल. रिबनमध्ये रॉयरचा आर-१२१ किंवा बायरडायनॅमिकचा एम१६०. माझं मन रिबनवर आहे, कारण त्याचा वरचा भाग हळूहळू उतरत जातो आणि ट्रंपेटला नेमकं तेच हवं असतं. मात्र आर-१२१ सारखा रिबन समोरून जितकं ऐकतो तितकंच मागूनही ऐकतो. त्याच्या मागे उघडी भिंत असेल तर भिंतीवरून परत आलेला आवाजही त्यात जाईल. तिथे जाड गादी उभी करा किंवा कपड्यांचं कपाट उघडून ठेवा. साधा, आत इलेक्ट्रॉनिक्स नसलेला रिबन असेल तर फँटम पॉवर (इंटरफेसमधून वायरीने माइकला जाणारी वीज) बंद ठेवा, वायर खराब असली तर रिबन जाऊ शकतो.

कुठलाही माइक घेतलात तरी अंतर आधी ठरवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. छोट्या खोलीत तितका उतरत नाही, कारण भिंती परत पाठवतात. छोट्या खोलीत मी हात-दीड हातावर, मोठीत मीटरभर किंवा जास्त ठेवतो. लोखंडी म्युझिक स्टँड बेल आणि माइकच्या मध्ये किंवा माइकला लागून नको. त्यावरून परत आलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि टोन पोकळ होतो. यालाही लोक वाजवणाऱ्याचाच दोष म्हणतात.

कंडेन्सरबद्दल मी कडक लिहिलंय, तर हेही लिहायला हवं. अमेरिकेतले नावाजलेले जॅझ रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचे आणि १९५९ पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमधल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचे. १९५६ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस तिथेच वाजवून गेले. व्हॅन गेल्डर न्यूमनचे कंडेन्सर वापरत. तेव्हा कंडेन्सरने ट्रंपेट होतच नाही असं नाही. पण त्या घरात रेकॉर्डिंगसाठी मुद्दाम सोय केलेली होती, शेजारी काचेपलीकडे कंट्रोल रूम होती, आणि माइक कुठे ठेवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्याकडे मोठी, न घुमणारी खोली असेल किंवा त्याच माइकवर गाणं आणि गिटारही रेकॉर्ड करायची असेल, तर पॅड असलेला कंडेन्सर घ्या आणि लांब ठेवा.

यूएसबी माइकबद्दल विचारलंत: बहुतेक यूएसबी माइक कंडेन्सरच असतात, आणि पुष्कळांना पॅड नसतो, म्हणून मी घेणार नाही. इंटरफेस घ्या, २४ बिटवर रेकॉर्ड करा, आणि सगळ्यात जोरात वाजवाल तो सूर वाजवून मीटरवर शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा.