वर्गणीदारांच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) यादीतून तालुकावार पत्ते वेगळे करायचे आहेत. ऑक-सेड (मजकुराच्या फाइलीवर ओळीओळीने काम करणाऱ्या आज्ञा) शिकू, की एक्सेलमध्ये हातानेच करू?

हाताने करू नका. नावं-पत्त्यांची यादी असेल तर अजिबात नको.

गोव्यातल्या फोंड्याच्या ज्या छापखान्यात मी डीटीपी करायचो, तिथे एका दिवाळी अंकाची पत्त्यांची लेबलंही आम्हीच छापायचो. एका वर्षी मालकांच्या भाच्याने एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावला. नावं हलली, पत्ते जागच्या जागी राहिले. पेडण्याच्या माणसाचा अंक काणकोणला गेला आणि लोकांचे फोन मी घेतले. फाइलकडे बघून काय बिघडलंय हे कुणालाच सांगता येईना. हाताने केलेल्या बदलाची नोंद राहतेच कुठे?

संपादकांच्या मेलमध्ये मूळ फाइल शाबूत होती. ती घेऊन मी टर्मिनलवर, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, बसलो. आपल्याकडचा पत्ता कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे: 'घर क्र. १२४/२, देऊळवाडा, मार्शेल, फोंडा'. एका पत्त्यात तीन स्वल्पविराम. सीएसव्हीत असा पत्ता अवतरणचिन्हांत बंद असतो, पण रकाने तोडणाऱ्या कट या आज्ञेला ती चिन्हं कळत नाहीत, ती आज्ञा प्रत्येक स्वल्पविरामावर तोडते. म्हणून फाइल आधी लिबरऑफिसमध्ये (एक्सेलसारखाच फुकट प्रोग्रॅम) उघडून टॅबने विभागलेली करून घेतली. मग तालुक्याचा रकाना काढून सॉर्ट केला आणि युनिक या सारख्या ओळी एकत्र करणाऱ्या आज्ञेकडून मोजून घेतला. एकट्या डिचोलीचीच तीन रूपं निघाली: डिचोली, दिवचल, बिचोलिम. बार्देश कुठे बारदेस, पेडणे कुठे पेडणें. ही सगळी रूपं बदलून एकच व्हावं म्हणून एका सेडच्या फाइलीत ओळीने लिहिली. शेवटी ऑक: तालुक्याच्या रकान्यात जे नाव असेल त्याच नावाच्या फाइलीत ती ओळ छापायची. ऑकमध्ये हे एका ओळीचं काम आहे.

मालक म्हणाले, "एवढ्यात हाताने दोनदा झालं असतं." पुढच्या वर्षी नवी यादी आली, त्याच आज्ञा पुन्हा चालवल्या, फक्त एक नवीन स्पेलिंग सेडच्या फाइलीत घालावं लागलं. तरी मालकांचं म्हणणं बदललं नाही. भाचा तोवर पुण्याला जाऊन पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आला होता, तो म्हणाला हे पायथनमध्ये हवं होतं. का? एका ओळीत एक माणूस, रकाने ठरलेले, अशा मजकुरासाठीच आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहान यांनी १९७७ साली बेल लॅब्समध्ये ऑक घडवलं. यादीत याद्या गुंतलेल्या असतील, जेसन वगैरे असेल, तर पायथन घ्या, माझी हरकत नाही. पत्त्यांच्या लेबलांना कशाला?

आता तर लिबरऑफिसचा वळसाही नको. २०२३मध्ये आलेल्या ग्नू ऑक (ऑकचाच एक अवतार) ५.३ला सीएसव्हीचा पर्याय आहे, अवतरणातले स्वल्पविराम तो बरोबर सांभाळतो. पण तो फक्त वाचताना. लिहिताना अवतरणं तो आपणहून घालत नाही, म्हणून बाहेर टॅबच काढा.

आणखी काही गोष्टी राहिल्या. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) मुळात ऑक म्हणून मॉक हा दुसरा अवतार असतो, त्याच्या जुन्या आवृत्त्या अक्षरं नाही, बाइट मोजतात. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८मध्ये (मजकूर साठवायची पद्धत) ३ बाइटचं, म्हणजे 'मार्शेल' २१ भरतं आणि लेबलावर नाव मध्येच तुटतं. ग्नू ऑक वेगळं बसवून घ्या. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह असतं, तालुका शेवटच्या रकान्यात असेल तर तुलना त्यामुळेच फसते, ते आधी काढा. आणि यादीत बँक खाते क्रमांक असतील तर ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: १५ आकड्यांपुढचे आकडे तिथे शून्य होतात, मग ऑकही ते परत आणू शकत नाही.