पाणी भरलेलं हवं की द्राक्षं लगडलेली?

इगतपुरीतली निवांत सुटी आणि तिथल्या वाइनरीबद्दल आलेल्या पत्रांतले हे चार प्रश्न.

मुकणे धरणाचा जलाशय आणि सांजेगावच्या बाजूची वाइनरी, दोन्ही बघायचंय. कोणत्या महिन्यात जावं? (ठाणे)

दोन्ही एकाच वेळी ऐन भरात सापडत नाहीत, हे आधीच ठरवून निघा. पाणी काठोकाठ असतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. नेमकी तेव्हाच बागेत फळछाटणी चालते, म्हणजे तारांवर नुसत्या काड्या. वाइनच्या द्राक्षांचा खुडा साधारण जानेवारी ते मार्च. तोवर शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटून पाणी काठापासून मागे सरलेलं असतं, मे महिन्यात तर चिखलाचा रुंद पट्टाच दिसतो. एप्रिलात खरड छाटणी होते, म्हणजे काड्या अगदी आखूड कापतात, त्यामुळे शाळेच्या सुटीत गेलात तर बागही बोडकी आणि पाणीही दूर.

आमचं मत विचाराल तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य. घड वेलीवर असतात आणि जलाशयही अजून जलाशयासारखा दिसतो. फक्त 26 आणि 30 जानेवारी टाळा. हे दोन्ही ड्राय डे. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुटी काढणारे दरवर्षी इथेच फसतात: बाग दिसते, टाक्या दिसतात, ग्लास मिळत नाही.

खुडा बघायचा तर मुक्काम वाइनरीजवळच हवा. तोडणी पहाटे सुरू होते आणि ऊन चढायच्या आत उरकते, कारण तापलेले मणी क्रेटमध्ये दबून फुटतात, रस हवेला लागून काळवंडतो आणि नको तिथेच आंबू लागतो. बाराला पोचलात तर रिकामे क्रेट धुताना दिसतील.

मुंबईहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस सोयीची. कसारा घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. तेवढा वेळ धरा. मोटारीने भिवंडीजवळचं आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून 2025 पासून खुला आहे, पण त्यावर दुचाकी चालत नाही. बाइकवाल्यांनी जुना कसारा घाटच धरावा.

आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी सोबत आहे. आमच्यातलं कोणी पीत नाही. वाइनरीत बघण्यासारखं काय? (डोंबिवली)

पिणाऱ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त दिसेल. मार्गदर्शकाकडून शिराझ किंवा कॅबर्ने या रेड वाइनच्या द्राक्षाचा एक मणी मागून घ्या आणि बोटांनी दाबा. साल जाड, आत बिया, आणि गंमत म्हणजे रस जवळजवळ बिनरंगी. बोटं जांभळी होतात ती सालीने. रेड वाइनचा रंग हा असा सालीतून येतो, म्हणून ती सालींसकट आंबवतात. व्हाइटसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात. बी फोडून बघा: तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर फळ पिकलंय, हिरवी असेल तर अजून वेळ आहे. हा मणी थॉमसनपेक्षा, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षापेक्षा, लहान पण गोडीला वरचढ असतो, कारण तो 22 ते 24 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात.

स्वतःच्या हाताने घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली ते बागवाल्यालाच ठाऊक.

आत रेडच्या टाकीत साली कर्बवायूने वर येऊन जाड साय धरतात. खालचा रस पंपाने उपसून दिवसातून दोन-तीनदा त्यांच्यावर सोडतात, नाहीतर वरचा थर वाळून आंबट पडतो. मुलीला टाकीच्या तोंडाशी वाकू देऊ नका. तिथे साचलेल्या वायूने भोवळ येते.

धरणात पोहता येतं का? (नाशिक)

नाही. काठाचा गाळ वरून कोरडा दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो आणि पुढे उतार एकदम खोल होतो. सूर्यास्त काठावर बसून बघा.

टेस्टिंगला काय काळजी घ्यावी? बाटल्या घेऊन पुढे सापुताऱ्याला जाणार आहोत. (पुणे)

आधी जेवा. साधारण 30 मिलीचे पाच घोट म्हणजे जवळजवळ एक भरलेला ग्लास, आणि उपाशीपोटी तो चटकन चढतो. गाडी चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही, किंवा चव बघून भांड्यात थुंकायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही, जाणकारही तेच करतात. क्रम व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, शेवटी गोड. गोड आधी घेतलीत तर पुढची प्रत्येक आंबट लागेल. अत्तर लावून जाऊ नका, ग्लासात फक्त तेच हुंगाल. ओळखपत्र मात्र हवंच.

बाटल्या सापुताऱ्याला नेऊ नका. ते गुजरातेत आहे, तिथे दारूबंदी आहे, आणि सीमेवर गाडी तपासली तर वाइनरीचं बिल कामाला येत नाही. आधी सापुतारा करा, परतीच्या वाटेवर खरेदी. घरी नेतानाही डिकीत उन्हात ठेवू नका. आतली वाइन फुगून बूच वर सरकतं आणि कडेने पाझर लागतो. घड्या घातलेल्या चादरीत गुंडाळून सीटखाली ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा. त्यानंतर उरली तर मटणाच्या रश्श्यात घाला.