आरोपीचे घटनात्मक हक्क नववी-दहावीच्या मुलांना कसे शिकवावेत?

कलमं नंतर, आधी अटक. रात्री अकराला एकाला पोलिसांनी उचललं, आता पुढे काय, असं विचारा. अटकेचं कारण सांगायलाच हवं, पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायला हवं आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं. हे कलम 22. (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून डांबून ठेवण्याचा, अपवाद सध्या बाजूला ठेवा.)

खरी मजा कलम 20(3) मध्ये: स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. "पण त्यानेच केलं असेल तर?" हे कुणीतरी विचारणारच. लगेच उत्तर देऊ नका, वाद रंगू द्या. मग सांगा, बोटांचे ठसे सक्तीने घेता येतात (सर्वोच्च न्यायालय, 1961), नार्को चाचणी (औषध देऊन अर्धवट शुद्धीत केलेली चौकशी) मात्र संमतीशिवाय नाही (2010). हा फरक का, ते मुलांनाच शोधू द्या.