किडनी बदललेल्या बहिणीला गरोदरपणाचा चौथा महिना आहे, मॅग्नेशियम 1.4, कॅल्शियम 8.2 आलंय. गोळ्या वाढवाव्यात का? नारळपाणी चालेल?

मॅग्नेशियम खाण्यात कमी पडलं म्हणून उतरलेलं नाही. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर किडनी ते परत ओढून घेत नाही, लघवीवाटे जातं. गोळ्या दुप्पट केल्यात तर आकडा जेमतेम हलेल, जुलाब मात्र लागतील. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी चढते आणि मॅग्नेशियम आणखी घसरतं.

कॅल्शियमशेजारी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, बघितलंत का? ते 4 पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितके 0.8 कॅल्शियममध्ये मिळवा. अल्ब्युमिन 3 असेल तर तिचं 8.2 म्हणजे 9. शंका राहिलीच तर आयनाइज्ड (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम करा. बरीच वर्षं डायलिसिस झालेल्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी (रक्तात कॅल्शियम चढवणाऱ्या) नंतरही जोरात असतात, तिथे डोळे झाकून कॅल्शियम-डी देऊ नये.

आता पोटॅशियम. टॅक्रोलिमस तेही अडवून धरतं, त्यामुळे रिपोर्ट न बघता रोज शहाळं नको. पण माझं खरं भांडण ‘कमी सोडियम’वाल्या मिठाशी आहे. प्रेशर वाढलं की परळच्या ओपीडीतून घरी जाताना लोक हेच घेतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं! अशाच एका बाईचं पोटॅशियम 5.9. शहाळी, केळी, टोमॅटो बंद. भाज्या चिरून, उकळून पाणी फेकायचं. आठवड्याने 5.8. ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडला. शेवटी मिठाचा डबा मागवला, तर आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत तेच मीठ. ती पथ्य पाळतच होती, साहेब. मीठ कुठलं हे कुणी विचारलंच नव्हतं.

गणपतीत पपनसही नको, त्यानेही टॅक्रोलिमस चढतं. कॅल्शियम जेवणासोबत, लोह त्यापासून दोन तास लांब. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन दिलं तर आकडा फुगून येतो.

डोस अर्थात तिचे नेफ्रोलॉजिस्टच ठरवतील. एक मात्र प्रसूतीच्या वॉर्डात आधीच सांगून ठेवा. शेवटच्या महिन्यांत प्रेशर चढलं तर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, आणि ते बाहेर टाकणं किडनीवरच अवलंबून. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमी चालत असेल तर नेहमीच्या डोसनेही ते साठतं: आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, मग श्वास मंदावतो. उतारा म्हणून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेपाशी काढून ठेवलेलं हवं.