मेसन लॉजमधील मेजवानीला जावे का?

प्रश्न : आम्ही दोघे सध्या मुलाकडे स्कॉटलंडमधील किलविनिंग या लहानशा गावी आलो आहोत. शेजारच्या गृहस्थांनी येत्या जानेवारीत तेथील जुन्या मेसॉनिक लॉजमध्ये, म्हणजे ‘फ्रीमेसन’ या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेत, होणाऱ्या ‘बर्न्स सपर’चे (कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनानिमित्तच्या जेवणाचे) निमंत्रण दिले आहे. मेसन मंडळींचे विधी गुप्त असतात असे ऐकून आहोत. आम्ही हिंदू आणि पत्नी शाकाहारी, त्यामुळे मन कचरते. जावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अवश्य जावे. तुम्हाला बोलावणे आले आहे ते जेवणाचे, विधीचे नव्हे. लॉजमधील तीन पदव्यांचे दीक्षाविधी केवळ सभासदांसाठी असतात, त्या वेळी दारावर ‘टायलर’ नावाचा पहारेकरी उभा असतो आणि बाहेरच्या माणसाला तिथे कोणी बोलावतही नाही. धर्माचा प्रश्न सभासद होऊ पाहणाऱ्यापुरताच आहे आणि त्याच्याकडूनही ईश्वरावरील श्रद्धेपलीकडे विशिष्ट धर्माची अपेक्षा नसते. पंक्तीला बसणाऱ्याला तेवढेही कोणी विचारणार नाही.

ज्या लॉजचे हे निमंत्रण आहे, तिचा मान मोठा आहे. गावातील मध्ययुगीन मठ बांधणाऱ्या पाथरवटांनीच (‘मेसन’चा मूळ अर्थ पाथरवटच) ती स्थापन केली, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. परंतु पाथरवटांच्या १५९९ सालच्या नियमावलीत किलविनिंगच्या लॉजचा उल्लेख आहे आणि तिची स्वतःची इतिवृत्ते १६४२पासूनची उपलब्ध आहेत. १७३६मध्ये स्कॉटलंडची ग्रँड लॉज, म्हणजे सर्व लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाल्यावर ज्येष्ठतेचा वाद उभा राहिला. एडिंबरोच्या लॉजपाशी १५९९चे इतिवृत्त होते, किलविनिंगपाशी तितका जुना कागद नव्हता, म्हणून पहिला क्रमांक एडिंबरोला गेला. किलविनिंगकर रुसले आणि १७४३मध्ये बाहेर पडून स्वतंत्रपणे कारभार करू लागले. अखेर १८०७मध्ये समेट झाला, तेव्हा पहिला क्रमांक तर एडिंबरोला दिलेला होता. म्हणून यांना यादीच्या माथ्यावर शून्य क्रमांक देण्यात आला. मानापमानाचा इतका सोयीस्कर तोडगा आपल्याकडच्या देवस्थानांनाही सुचला नसता!

कवी रॉबर्ट बर्न्स याच आयर्शायर परगण्यातला. २५ जानेवारी १७५९ हा त्याचा जन्मदिवस, आणि १७८१मध्ये तो टार्बोल्टन येथे मेसन झाला; त्यामुळे लॉजमध्ये हा सोहळा विशेष आपुलकीने होतो. प्रारंभी एक छोटी प्रार्थना होते. मग बॅगपाइपच्या सुरात ताटातून ‘हॅगिस’ हा मांसाचा पदार्थ आणला जातो, सगळे उठून उभे राहतात, एकजण त्याला उद्देशून लिहिलेली बर्न्सची कविता म्हणू लागतो आणि ठरलेल्या ओळीला त्यात सुरी खुपसतो, तशी आतली वाफ बाहेर येते. जेवणानंतर कवीच्या स्मरणार्थ भाषण, मग स्त्रियांची थट्टा करणारे भाषण आणि त्याला स्त्रियांकडून उत्तर, अशी बैठक रंगते. शेवटी हातात हात गुंफून गाणे होते.

जेवणाबाबत मात्र आधी बोलून घ्यावे. हॅगिस म्हणजे मेंढीचे यकृत, हृदय आणि फुप्फुसे बारीक करून ओट, कांदा व मसाल्याबरोबर शिजवलेला पदार्थ. त्यात घालण्याची चरबी पुष्कळदा गोवंशाची असते, हे तुम्ही मांसाहारी असलात तरी लक्षात असू द्यावे. डाळी आणि ओटांचे शाकाहारी हॅगिस स्कॉटलंडमध्ये सर्रास मिळते. पत्नीसाठी ते निमंत्रण स्वीकारतानाच सांगून ठेवावे. त्याच वेळी निमंत्रण दोघांना आहे ना, हेही विचारावे, कारण काही लॉजमध्ये हे जेवण केवळ पुरुषांचे असते. व्हिस्कीऐवजी पाणी किंवा सरबताचा पेला उंचावला तरी कोणाला वावगे वाटत नाही. पोशाखात तुम्हाला कोट व टाय आणि पत्नीला रेशमी साडी पुरेशी आहे. वर लोकरीची शाल असावी, कारण जानेवारीत तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो आणि बोचरा वारा असतो.

पंक्तीत बोलायला विषय हवा असेल, तर मुंबईचा काढावा. स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी १८४३मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार’ ही लॉज भारतीय लोकांना प्रवेश मिळावा म्हणून स्थापन केली होती. यजमानांना तो विषय नक्कीच आवडेल.