क्रूझवरील बक्षिसी कोणाला मिळते?

प्रश्न : क्रूझचे सर्व पैसे आगाऊ भरले असतानाही जहाजावरील खात्यावर रोज माणशी ‘ग्रॅच्युइटी’ लावली जाईल, असे कंपनीने कळवले आहे. हे पैसे कोणाला मिळतात? ते नाकारता येतात का?

उत्तर : अनेक मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर बक्षिसी आकारतात. मुलांनाही बहुधा हाच दर लागत असल्याने चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींसाठी ४५० ते ५६० डॉलर मोजावे लागतात. ही रक्कम केबिन आवरणारे कर्मचारी, वाढपी व त्यांचे मदतनीस यांच्यात विभागली जाते. काही कंपन्या प्रवाशांच्या दृष्टीस न पडणाऱ्या भटारखान्यातील आणि धुलाईघरातील कर्मचाऱ्यांनाही त्यात वाटा देतात.

बऱ्याच जहाजांवर ग्राहक सेवा कक्षात सांगून ही रक्कम कमी करता येते. मात्र महिनोन्महिने साप्ताहिक सुटीविना राबणाऱ्या या माणसांच्या कमाईचा मोठा भाग बक्षिसीतूनच येत असल्याने, केवळ खर्च वाचवण्यासाठी ती रद्द करणे मला अन्यायकारक वाटते. सेवेत उणीव आढळल्यास प्रवासादरम्यानच तक्रार करावी, म्हणजे ती दूर होण्यास वाव राहतो.

पेये आणि स्पा यांच्या बिलात बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच मिळवलेले असते. तरीही पावतीवर सहीच्या वर जादा टिपेसाठी एक रिकामी ओळ असते. ती कोरी ठेवण्यात काहीही गैर नाही.