अकिताच्या गावात राहायला येण्यापूर्वी: तेथील सणांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर

आपण विचारले आहे की, पतीच्या नोकरीमुळे सहा वर्षांच्या मुलीसह जपानच्या अकिता प्रांतातील योकोते येथे येण्याचे ठरत असताना, तेथील ऋतूंचे सण बाहेरून आलेल्या कुटुंबाला केवळ पाहायला मिळतात की त्यांत सहभागीही होता येते, आणि ३१ डिसेंबरला मुखवटा घालून घरोघर येणाऱ्या नामाहागेची मुलीला भीती वाटेल का. मी योकोतेजवळच्या एका वस्तीत गेली नऊ वर्षे राहत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सहभागी होता येते. मात्र त्याची सुरुवात सणाच्या दिवशी होत नाही. प्रत्येक वस्तीचे ‘चोनाइकाइ’ नावाचे मंडळ असते. त्याची वर्गणी देणे, घरोघर फिरणारी सूचनांची पाटी वाचून शेजारी पोहोचवणे, पाटाची सफाई करणे आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ उपसणे ही कामे जो करतो, त्यालाच पुढे सणाच्या तयारीचे बोलावणे येते. पहिल्या वर्षी मला ती पाटी वाचता येत नव्हती. ती तशीच पुढे देण्याऐवजी मी शेजारच्या आजींकडून समजून घेऊ लागले आणि आमची खरी ओळख तेथूनच झाली. अकिताची लोकसंख्या २०१७ मध्ये १० लाखांच्या खाली गेली असून आज तेथे दर १० माणसांत जवळजवळ ४ जण पासष्टी ओलांडलेले आहेत. त्यामुळे दोर वळायला आणि बर्फ वाहायला हात कमी पडतात, आणि मनापासून येणाऱ्याला कोणी परके म्हणून दूर ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे.

योकोतेचा स्वतःचा सण म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर येणारा कामाकुरा. बर्फाचा मोठा ढीग रचून, तो घट्ट बसू दिल्यावर आतून कोरून सुमारे तीन मीटर उंचीची खोली तयार करतात आणि तिच्या मागच्या भिंतीत जलदेवतेसाठी कोनाडा ठेवतात. संध्याकाळी मुले आत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘हाइत्ते तान्से, ओगान्दे तान्से’ म्हणजे ‘आत या, देवाला नमस्कार करा’ अशी तेथील बोलीत हाक मारतात, शेगडीवर भाजलेली मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, आणि तांदळापासून केलेले गोड, गरम आमाझाके देतात. पाहुण्याने देवतेपुढे नाणे ठेवून नमस्कार करावा आणि मग बसावे. आपल्या मुलीने पाहुणी म्हणून नव्हे, तर बोलावणारी म्हणून आत बसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी शाळेत आणि वस्तीत आधीपासून सांगून ठेवावे.

नामाहागे ही मुख्यतः ओगा द्वीपकल्पाची प्रथा असल्यामुळे तो योकोतेत आपल्या दारी येणार नाही. मुखवटा आणि पेंढ्याचा पोशाख घातलेले हे देवदूत वर्षाच्या अखेरच्या रात्री घरात शिरून रडकी आणि आळशी मुले शोधतात. घराचा यजमान त्यांना मद्य व जेवण देऊन मुलांच्या वतीने बोलणी करतो, आणि पोशाखातून गळलेली पेंढ्याची काडी शुभ मानून जपून ठेवतात. नावाचा उगमही सांगण्यासारखा आहे: चुलीशी फार वेळ बसून कातडीवर उठणाऱ्या चट्ट्यांना ‘नामोमी’ म्हणतात, आणि ते सोलून काढणारा, म्हणजे आळस उतरवणारा, तो नामाहागे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू किंवा जन्म झाला असेल तेथे तो जात नाही. सुतक आणि सोयर पाळणाऱ्या घरांतून आलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुलगी घाबरेल, हे निश्चित. म्हणून ओगातील शिन्झान येथे एरवीही या भेटीचे जे प्रात्यक्षिक दाखवतात, ते तिला दिवसाउजेडी, आपल्या मांडीवर बसवून आधी दाखवावे.

सहभागासाठी सर्वांत सोपा प्रसंग मला दाइसेन शहरातील कारिवानोची १० फेब्रुवारीची रस्सीखेच वाटतो, कारण वरची आणि खालची पेठ पेंढ्याचे प्रचंड दोर ओढत असताना पाहायला आलेल्यांनीही दोर धरलेला चालतो. एक पेठ जिंकली तर तांदळाचा भाव चढतो आणि दुसरी जिंकली तर पीक चांगले येते, असे मानतात. ज्यांचे घर भातशेतीवर चालत आले, त्यांना दोन्ही निकाल हवेसेच असतात.

उन्हाळ्यातील सणांपैकी एकच पाहता येणार असेल तर १६ ते १८ ऑगस्टचे निशिमोनाई या गावचे बोन नृत्य पाहावे. पूर्वज घरी येऊन परत जाण्याचे हे दिवस असतात. काही नर्तक डोळ्यांपुरती भोके असलेले काळे कापड चेहऱ्यावरून छातीपर्यंत सोडतात, तर काहीजणी रेशमी तुकडे जोडून शिवलेला, घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला पोशाख घालतात. तो पाहताना मला प्रत्येक वेळी आजीच्या हातची गोधडी आठवते. पेटत्या होळ्यांभोवती वाद्ये जोरात वाजत असतात आणि नाच मात्र अतिशय संथ चालतो. तेथे परवानगीशिवाय रांगेत शिरू नये. अकिता शहराचा ३ ते ६ ऑगस्टचा कांतो, म्हणजे कंदील लावलेले उंच बांबू तोलण्याचा सण, आणि ओमागारीची ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारची आतषबाजी यांना प्रचंड गर्दी होते, त्यामुळे राहण्याची व्यवस्था कित्येक महिने आधी करावी लागते.

आपण शाकाहारी असल्यास एक सूचना आवश्यक आहे. सणानंतरच्या सामूहिक जेवणात भाजीच्या रश्शातही बहुधा माशांचा अर्क असतो. आपली अडचण मंडळाच्या प्रमुखांना आधीच सांगावी आणि आपला एक पदार्थ करून न्यावा. माझी तिळाची वडी आता लोक मागून घेतात.

येण्याची तारीख आपल्या हातात असेल तर डिसेंबर टाळून एप्रिलमध्ये यावे. शाळेचे वर्ष तेव्हाच सुरू होते, पाटाच्या सफाईचे दिवसही जवळ आलेले असतात, आणि फेब्रुवारीत बर्फाचा ढीग रचण्याची वेळ येईपर्यंत वस्तीतल्या लोकांना आपल्या मुलीचे नाव माहीत झालेले असेल.